पोटाची गोळी, हृदयाचा बळी

दुर्मीळ आनुवंशिक रोगांचा विषय निघाला की पुरोगामी वर्तुळातही एक उत्तर ठरलेले असते. ज्या देशात मुले हगवणीने आणि कुपोषणाने दगावतात, त्या देशात हृदयाच्या ठोक्यातील वंशपरंपरागत बिघाडाची चर्चा ही चैन आहे. तो श्रीमंतांच्या इस्पितळांतला विषय आहे. चळवळीने आधी नळाला पाणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला डॉक्टर मिळवून द्यावा, मग जनुकांकडे पाहावे. हे उत्तर प्रामाणिकपणे दिले जाते आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे भाग आहे. पोटाचे विकार गरिबांचे आणि हृदयाच्या लयीचे विकार श्रीमंतांचे, ही वाटणी त्यात गृहीत धरलेली असते. शरीरशास्त्राला ती मान्य नाही. आतड्याची आणि हृदयाची गाठ निसर्गानेच मारलेली आहे, आणि औषधांच्या बाजाराने ती गळफासासारखी आवळली आहे.

हृदय मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता आपल्या लयीने धडधडते, हे सर्वांना ठाऊक आहे. आतड्यालाही अशीच स्वतःची लय असते, हे फारसे कोणी सांगत नाही. जठराच्या स्नायूतून मिनिटाला सुमारे तीन आणि लहान आतड्याच्या वरच्या भागातून सुमारे बारा विद्युत लहरी उठत असतात. त्या उठवणाऱ्या पेशींना रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचे नाव आहे. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले होते. हृदय काय, आतडे काय, दोन्हींकडे वीज निर्माण होते ती पेशीच्या आवरणातील सूक्ष्म दारांमुळे. या दारांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे कण आत-बाहेर जातात. निसर्ग काटकसरी आहे. त्याने हृदयासाठी एक आणि आतड्यासाठी दुसरे असे सगळे दारवाजे वेगळे घडवले नाहीत. तोच जनुक, तेच दार, दोन ठिकाणी. मग एखाद्या कुळात दाराची बिजागरीच जन्मतः वाकडी असेल, तर तिचा त्रास एकाच अवयवाला व्हावा अशी अपेक्षा का धरावी?

तसा तो होतही नाही. हृदयाच्या सोडियम-दाराचा जो जनुक बिघडला की ठोक्याचे प्राणघातक विकार संभवतात, त्याच जनुकातील दोष वर्षानुवर्षे पोटदुखी, जुलाब आणि बद्धकोष्ठ भोगणाऱ्या रुग्णांत शोधण्यात आले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की अशा रुग्णांपैकी सुमारे दोन टक्के लोकांत हा दोष आढळतो. त्यांतल्या एका रुग्णाला हृदयाच्या लयीवरचेच एक जुने औषध दिले, तेव्हा त्याचा हट्टी मलावरोध सुटला. त्याच वर्षी कॅनडातील फ्रेंच वंशाच्या काही कुटुंबांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांच्यात ऐन तारुण्यात हृदयाची गती मंदावून पेसमेकर बसवावा लागत होता आणि आतड्याची हालचालही बंद पडत होती. हे दोन्ही भोग एकाच जनुकाच्या दोषातून आले होते. तोवर या रुग्णांच्या दोन फायली दोन विभागांत वेगवेगळ्या फिरत असत. पोटाचा डॉक्टर पोट पाही, हृदयाचा डॉक्टर हृदय पाही.

याहून जुने आणि या देशाला अधिक जवळचे उदाहरण नॉर्वेतले आहे. १९५७ मध्ये येर्वेल आणि लांगे-नील्सन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाची कहाणी नोंदवली. सहा भावंडांपैकी चार जन्मतः बहिरी होती, त्यांना मूर्च्छा येत, आणि त्यांतली तीन अचानक मरण पावली. त्यांच्या ईसीजीत क्यूटी नावाचे अंतर अतोनात लांबलेले होते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज होण्यास लागणारा काळ या अंतराने मोजला जातो. तो लांबला की एखाद्या क्षणी ठोके बेबंद होतात, रक्त पुढे जाणे थांबते आणि माणूस कोसळतो. लय आपोआप सावरली तर शुद्धीवर येतो, न सावरली तर संपतो. पुढे कळले की येथे बिघडलेले पोटॅशियम-दार हृदयात आहे, कानाच्या आतल्या भागात आहे आणि जठराच्या अम्ल निर्माण करणाऱ्या पेशींतही आहे. म्हणून अशा मुलांच्या जठरात अम्ल कमी तयार होते, अम्लावाचून अन्नातले लोह नीट शोषले जात नाही आणि मूल पांढरेफटक राहते. ही गोष्ट अलीकडच्या अभ्यासांनी स्पष्ट केली आहे.

आता हे मूल नॉर्वेतून उचलून महाराष्ट्रात आणावे. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच त्याचे उद्घाटन झाले. शाळा-अंगणवाड्यांतील मुले तपासण्यासाठी तीस विकारांची यादी त्यात केली आहे. त्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. तीव्र रक्तक्षय आहे. झटके येण्याचा विकार आहे. जन्मजात हृदयरोगही आहे, पण त्याचा अर्थ हृदयाला छिद्र, झडपेचा दोष, म्हणजे कानाला लावलेल्या नळीतून ऐकू येईल असा आजार. क्यूटी लांबण्याचा विकार यादीत नाही. म्हणजे नॉर्वेतल्या त्या मुलासारखे मूल येथे तीन रकान्यांत तीनदा सापडू शकते: बहिरे म्हणून श्रवणयंत्राकडे, पांढरे म्हणून लोहाच्या गोळ्यांकडे, झटके येतात म्हणून फेफऱ्याच्या औषधाकडे. तिन्ही ठिकाणी नोंद, तिन्ही ठिकाणी शिक्का, आणि एक दिवस शाळेच्या मैदानावर धावताना ते पडते. गावात म्हणतात, देवाने नेले. नोंदवहीत लिहितात, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. मरण पावलेल्या प्रत्येक माणसाची हृदयक्रिया बंदच पडलेली असते. हे निदान झाले काय?

हा विकार मुलाला होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही दोष यावा लागतो, आणि म्हणून नात्यात लग्ने होतात तेथे त्याचा संभव वाढतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत आजही आहे. सुधारकी व्याख्यानाला येथे चांगली संधी मिळते: अडाणी रूढी, दुसरे काय! परंतु रूढीला दूषणे देऊन शासनाला मोकळे करणे ही सुधारणा नव्हे. जेथे नात्यातली लग्ने होतात हे ठाऊक आहे, तेथे बहिऱ्या मुलाचा ईसीजी काढण्याची जबाबदारी शासनावर अधिकच येते. पाच मिनिटांचे काम आहे ते.

बहिरेपणाशिवाय क्यूटी लांबण्याचे प्रकार याहून बरेच अधिक आढळतात. इटलीत हजारो नवजात अर्भकांचे ईसीजी काढून २००९ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो सुमारे दोन हजारांत एक असा आहे. येथे एका आईकडून किंवा एका बापाकडून आलेला दोष पुरतो. बहुसंख्य लोकांना त्याचा पत्ता नसतो. त्यांचे दार अर्धवट मिटलेले असते, पण रोजचा व्यवहार त्यातून भागतो. प्रश्न येतो तो उरलेली फट बाहेरून कोणी बंद केली म्हणजे. आणि ती बंद करण्याचे काम गेल्या चार दशकांत ज्यांनी केले त्यांत पोटाच्या औषधांचा क्रम बराच वर लागतो.

सिसाप्राइड या औषधाची कथा या दृष्टीने वाचावी. जॉन्सन अँड जॉन्सनच्या यान्सेन या कंपनीने ते काढले. आतड्याची आणि जठराची हालचाल वाढवणे हा त्याचा गुण. अमेरिकेत १९९३ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती रात्री होणाऱ्या छातीतल्या जळजळीसाठी. या त्रासाने कोणी मरत नाही. उशी उंच करावी, रात्रीचे जेवण लवकर घ्यावे, एवढ्याने अनेकांचे भागते. अशा त्रासावरची ही गोळी वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरची उलाढाल करू लागली. दूध ओकणाऱ्या तान्ह्या मुलांनाही ती सर्रास दिली गेली, जरी अमेरिकेत मुलांसाठी तिला परवानगी कधीच नव्हती.

ही गोळी आतड्याच्या मज्जातंतूंना चालना देते आणि त्याच वेळी हृदयातील पोटॅशियमचे एक दार बुजवते. ज्या दाराचा जन्मजात दोष क्यूटी लांबवतो, नेमके तेच हे दार. म्हणजे निरोगी माणसाला तात्पुरता तो आनुवंशिक रोग जडवणारी गोळी, आणि ज्याच्या रक्तात तो मुळातच आहे त्याला कड्याच्या टोकावर नेणारी. जोडीला एरिथ्रोमायसिनसारखे घशाच्या दुखण्यावरचे साधे औषध घेतले, तर यकृतात सिसाप्राइडचा निचरा होत नाही, ते रक्तात साठते आणि धोका कैक पटींनी वाढतो. १९९५ मध्येच अमेरिकेत गोळीच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापावा लागला. मग दुसरा इशारा, मग तिसरा. प्रत्येक इशाऱ्यानंतर विक्री चालूच. १९९९ अखेरपर्यंत अमेरिकी औषध प्रशासनाकडे हृदयाची लय बिघडल्याचे ३४१ अहवाल जमा झाले होते. त्यांत ८० मृत्यू होते. अखेर २००० साली कंपनीने तेथे सर्वसाधारण विक्री थांबवली. ब्रिटनने आणि जर्मनीनेही त्याच वर्षी परवाने स्थगित केले. २००४ मध्ये कंपनीने नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी ९ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले. ज्या गोळीची वर्षाची उलाढाल एक अब्जाच्या घरात होती, तिच्या सगळ्या प्रेतांचा हिशेब वर्षाच्या दहाव्या हिश्श्यात मिटला.

आणि भारत? भारतात सिसाप्राइडवर बंदी आली १० फेब्रुवारी २०११ रोजी. दहा वर्षांहून अधिक काळ, अमेरिकेने आणि युरोपने नाकारलेली गोळी येथील दुकानांत विकली जात होती. भारतीय माणसाच्या हृदयातले पोटॅशियमचे दार अमेरिकी माणसाच्या दारापेक्षा निराळे असते काय? निराळी होती ती मोजदाद. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचा देशव्यापी कार्यक्रम आज ज्या स्वरूपात आहे, तो जुलै २०१० मध्ये सुरू झाला, बंदीच्या अवघे सात महिने आधी. त्यापूर्वीचे प्रयत्न तोकडे आणि तुटक होते. तिकडे ८० मृत्यू मोजले गेले म्हणून गोळी गेली. इकडे मृत्यूंची गणतीच झाली नाही, म्हणून गोळी निर्दोष राहिली. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या ५९ व्या अहवालात औषध नियंत्रण यंत्रणेचे जे वाभाडे काढले, ते कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावेत. या यंत्रणेने स्वतःच्या उद्दिष्टांतच औषध उद्योगाच्या आकांक्षा आणि मागण्या पुऱ्या करण्याला स्थान दिले होते, याकडे समितीने बोट दाखवले. राखणदारानेच चोराशी करार केला आणि तो फलकावर लिहून लावला, असा हा प्रकार.

कंपन्यांचा बचाव ठरीव असतो. औषध उत्तम आहे, दोष रुग्णाच्या जनुकांत आहे. ज्यांना हे औषध वर्ज्य त्यांना ते दिले गेले, त्याला कंपनी काय करणार? हा युक्तिवाद कामगार चळवळीला नवा नाही. कापसाच्या धुळीने गिरणी कामगाराची छाती निकामी झाली की त्याच्या विडीकडे बोट दाखवणारे मालक, यंत्रात हात गेला की त्याच्या बेसावधपणाची चौकशी करणारे मालक, आणि आता हृदय थांबले की रक्ताच्या वंशावळीकडे बोट दाखवणारे मालक, यांची जात एकच. दोन हजारांत एकाला जो दोष आहे, तो लाखो लोकांना गोळी विकणाऱ्याला आधी गृहीत धरता येत नाही काय? पूल बांधणारा अभियंता नदीला कधीमधी येणारा पूर हिशेबात धरतो. न धरता पूल वाहून गेला, तर तो नदीच्या स्वभावाला दोष देत नाही. आणि वर्ज्य कोणाला हे सांगणारे पत्रक कोणत्या भाषेत, केवढ्या अक्षरात छापलेले असते? मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांतला इशारा ऊसतोडीच्या फडावर कोणी वाचावा अशी अपेक्षा आहे?

सिसाप्राइड गेले, प्रश्न गेला, असेही कोणी समजू नये. डॉम्पेरिडोन हे त्याच यान्सेनच्या घरातले औषध उलटी थांबवते आणि जठर रिकामे होण्यास मदत करते. त्याचे शिरेतून देण्याचे रूप हृदय बंद पडण्याच्या घटनांमुळे १९८० च्या दशकातच मागे घ्यावे लागले. अमेरिकेने त्याला कधी परवानगीच दिली नाही. युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये ठरवले की ते फक्त मळमळ आणि उलटीसाठी वापरावे, प्रौढांना दिवसाला दहा-दहा मिलिग्रॅमच्या तीन मात्रांहून जास्त देऊ नये, सामान्यतः आठवड्याहून अधिक काळ चालवू नये. जळजळ आणि पोट फुगणे यांसाठी तर ते मुळीच नको. भारतात त्याचा खप कशासाठी आहे? जळजळीसाठी आणि पोट फुगण्यासाठीच! अम्ल दाबणाऱ्या औषधाशी त्याची मोट बांधून, एकाच कॅप्सूलमध्ये, ‘गॅसची गोळी’ म्हणून. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ते द्यायचे नाही असा नियम आहे. नियम कोठे पाळला जातो, हे कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत उभे राहून पाहावे. युरोपात ज्याला आठवड्याची मर्यादा, ते येथे माणूस महिनोन्महिने चहासारखे घेतो. मोटेतला दुसरा बैलही निरुपद्रवी नाही. अम्ल दाबणारी ही औषधे दीर्घकाळ घेतली तर रक्तातले मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने मार्च २०११ मध्ये दिला. आणि मॅग्नेशियम घटले की क्यूटी लांबण्याचा धोका वाढतो. दोन्ही औषधे एकाच कवचात घालण्यामागे वैद्यकशास्त्राचा आधार किती आणि दरनियंत्रणातून निसटण्याची, नव्या नावाने नवा भाव लावण्याची सोय किती, हे औषध उद्योगाचे गणित ज्याला कळते त्याला सांगावे लागू नये.

येथेच त्या पहिल्या आक्षेपाकडे परत यावे लागते: आधी हगवण, मग हृदय. हगवणीत आणि उलटीत शरीरातून पाण्याबरोबर पोटॅशियम वाहून जाते. पोटॅशियम घटले की हृदयाची ती दारे आणखी मंदावतात. ज्याचे दार जन्मतः अर्धे मिटलेले आहे, त्याला स्वच्छ पाण्याचा अभाव हा हृदयरोग होऊन भेटतो. जुलाबाने गळालेला मजूर गावातल्या डॉक्टरकडे जातो. त्याला उलटीवर एक, जंतूंवर एक आणि पोटावर एक अशी तीन औषधे मिळतात, आणि त्या तिघांतली दोन क्यूटी लांबवणारी असू शकतात. मीठ-साखरेचे पाणी, ज्यात पोटॅशियमही असते, ते मात्र अनेकदा चिठ्ठीत नसते, कारण त्यात कोणाला नफा नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याने पटकीचे रुग्ण जगवून दाखवले होते. त्यांच्या त्या कामाला अर्धशतक उलटून गेले. तेव्हा नळाच्या पाण्याची लढाई आणि हृदयाच्या लयीची लढाई या दोन लढाया नाहीत. जो पहिली लढतो तो दुसरी लढतच आहे, फक्त त्याने ते ओळखायला हवे.

उलट बाजूनेही एक सापळा आहे, त्याचे भान ठेवलेले बरे. आनुवंशिकतेचे नाव काढताच खासगी प्रयोगशाळा धावत येतात: हजारो रुपयांची जनुकतपासणी करा, घराण्याचे भविष्य जाणून घ्या. गरजवंत कुटुंबाला तिचा उपयोग आहेच, आणि ती सार्वजनिक इस्पितळात मोफत व्हावी. पण आरंभ तेथून होत नाही. आरंभ होतो तो ईसीजीच्या पट्टीने आणि दोन प्रश्नांनी: घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे काय? धावताना, पोहताना, दचकल्यावर कोणाला मूर्च्छा येते काय? यांतले काही आढळले, तर अनेक रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल हे १९६० च्या दशकातले जुने, स्वस्त, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतले औषध तारते. सर्वांनाच ते पुरत नाही. नॉर्वेतल्या मुलांसारख्या प्रकारात ते अपुरे पडते आणि धक्का देणारे यंत्र छातीत बसवावे लागते. तो खर्च मोठा आहे आणि तो शासनाने उचलला पाहिजे. पण कित्येकांच्या बाबतीत मृत्यू आणि जीवन यांच्यातले अंतर काही रुपयांच्या गोळीचे असते. इतक्या स्वस्त औषधाचा प्रचार करायला कोणत्याही कंपनीचा प्रतिनिधी बॅग घेऊन खेड्यात येणार नाही.

१९७५ मध्ये हाथी समितीने औषध उद्योगाविषयी आपला अहवाल दिला. आवश्यक औषधांची मर्यादित यादी, व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विक्री, सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान, देशव्यापी औषध प्राधिकरण, अशा तिच्या शिफारशी होत्या, आणि समितीत विदेशी कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाची मागणीही उठली होती. पिंपरीचा पेनिसिलीनचा सरकारी कारखाना तेव्हा या देशाच्या स्वाभिमानाचा विषय होता. त्या शिफारशींचे मातेरे कोणकोणत्या सरकारांनी केले, याचा हिशेब येथे मांडण्याचे कारण नाही. त्यात सर्व रंगांची सरकारे आहेत, आणि काहींना समाजवाद्यांचा पाठिंबाही होता. मार्च २०१६ मध्ये ३४४ औषधमिश्रणांवर बंदी आली, तेव्हा कंपन्या न्यायालयात गेल्या, बंदी डिसेंबरमध्ये रद्द करवून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर फेरतपासणी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर ती पुन्हा आली. अडीच वर्षे! या अडीच वर्षांत जे विकले गेले, ते कोणाच्या पोटात गेले?

कार्यकर्त्याला यातून काम मिळते ते लहान आहे आणि उद्यापासून करता येण्यासारखे आहे. मूकबधिर शाळांतील प्रत्येक मुलाचा ईसीजी, आणि त्यात दोष आढळला तर सर्व भावंडांचा व आईबापांचा. फेफऱ्याचे औषध देण्याआधी एक ईसीजी. डॉम्पेरिडोनच्या जोडगोळ्यांवर युरोपाप्रमाणे निर्बंध, आणि तोवर दुकानांतून चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारी; एक-दोन नव्हेत, गावोगावच्या. औषधांच्या पाकिटावर मराठीत इशारा. तरुण माणसाच्या अचानक मृत्यूनंतर कुटुंबाची तपासणी. या मागण्यांना अर्थसंकल्पात नवे खाते उघडावे लागत नाही. त्यांची सुरुवात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात दिलेल्या एका अर्जानेही होऊ शकते: जिल्ह्यातील मूकबधिर शाळांत एकूण मुले किती, आणि त्यांपैकी आजवर किती जणांचा ईसीजी काढण्यात आला.